बंद पाठीची चोळी

—बंद पाठीची? म्हणजे पूर्ण बंद? मानेपासून थेट कमरेपर्यंत? अहो तरुबेन, नवरात्र परवावर आलंय, अख्खं वडोदरा पाठ उघडी टाकून नाचायला निघालंय, पोरी मला सांगतात, मासी, दोन दोऱ्या कशाला, एकच ठेवा— आणि तुम्ही लेकीसाठी, ध्रुवीसाठी, बंद पाठीची मागताय. बसा ना, उभ्या का? त्या खुर्चीवर नको, टाचण्या सांडल्यात तिच्यावर. इकडे गादीवर बसा. थांबा, पंखा लावते. किती घाम आलाय तुम्हाला! — छे हो, ओळखलं नाही असं कसं होईल? विहीण होता होता राहिलेली बाई कुणी विसरतं का? रिक्षातून उतरलात तेव्हाच ओळखलं मी. दुकानावरून दोनदा पुढे गेलात, दोनदा मागे आलात, मध्येच त्या कुलूपवाल्याकडे शिरलात— कुलूप घ्यायचं होतं का? नाही ना? मग! मी मशीनवर बसून सगळं बघत होते. म्हटलं, येतील. आज नाही तर उद्या, पण याच पायरीवर येतील. दोन वर्षांपूर्वी काय म्हणाला होतात, आठवतंय? रमिलाच्या दारात पुन्हा पाय ठेवीन तर नाव लावणार नाही. मीच ती रमिला आणि हे माझंच दार. असू दे, असू दे. पाणी घ्या.

तर बंद पाठीची. का बरं? — इंदुबेनना उघडी पाठ आवडत नाही? ध्रुवीच्या होणाऱ्या सासूबाईंना? तरुबेन, थाप मारायची तर जरा बेताची मारावी. इंदुबेनचे कपडे दर वर्षी माझ्याकडूनच जातात. साठी उलटली तरी पाठीवर गोंडे बांधून गरब्यात उतरतात आणि दोन फेऱ्या झाल्या की गुडघा धरून खाली बसतात. आज संध्याकाळी येणारच आहेत त्या. विचारू त्यांना? — बसा, बसा! गंमत केली हो. एवढं दचकायला काय झालं? — मग काय, ध्रुवीलाच लाज वाटते? जी पोरगी मैदानात कायम पहिल्या फेरीत असायची, टाळी चुकली तर ढोलवाल्याला दरडावायची, तिला लाज वाटते? बरं, मग? — सर्दी होते? हं. आसो महिना तोंडावर आलाय, अशा या उकाड्यात पाठीला वारा लागून सर्दी होते. ऐकावं ते नवलच.

गजकर्ण झालंय पोरीला. — हळू काय? हळूच बोलतेय मी. दुकानात आहे कोण आपल्या दोघींशिवाय? गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, दादर म्हणा, तो काही नावाला घाबरून पळत नाही. पाठीवर आहे ना? आणि कमरेला? कमरेला तर असणारच, सुरुवातच तिथून. गोल गोल चट्टे, कड लाल, मध्ये बरं झाल्यासारखं दिसतं आणि माणूस फसतं. घाम आला की असं खाजतं, असं खाजतं की पोरगी चार माणसांत असली तरी तिचा हात राहत नाही. मला कोणी नाही सांगितलं. भादरव्याच्या सुरुवातीला अंबामातेच्या देवळात बघितलं मी तिला. एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, आणि खांबाला टेकून उभी. टेकून कसली! पाठ घासत होती खांबावर, म्हैस घासते तशी. मी पलीकडच्या रांगेत होते. तिने नाही बघितलं मला. — खोटं नाही बोलणार तरुबेन, घरी आले आणि शिरा केला. तुपातला, बेदाणे घालून. बिजलचे पप्पा म्हणाले, आज काय आहे? म्हटलं, आज माझा सण आहे, खा गुपचूप.

वाईट वाटलं ऐकून? वाटू दे की. मला किती वाटलं असेल, ते कधी विचारलंत? माझ्या बिजलचा आणि तुमच्या केतुलचा साखरपुडा झाला तेव्हा मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. मग आलं नवरात्र. आपल्या न्यातीत, आपल्या समाजात, लग्न ठरलेल्या मुलीने पहिल्या नवरात्रातली आठम, अष्टमीची रात्र, सासरच्या गल्लीत, त्यांच्या शेरीत खेळायची, सासरचा घेरदार चणिया घालून, आणि नाडी सासूने स्वतःच्या हाताने बांधायची. बांधलीत तुम्ही. मी समोर उभी होते, माझे डोळे भरून आले होते— बावळट मी! आणि चणिया कुणाचा? ध्रुवीचा. आधीच्या सगळ्या रात्री ध्रुवीने घामाने भिजवलेला. नवा शिवायला तुमच्याकडे काय कमी होतं? पण नाही, आजीच्या हातचं भरतकाम आहे, घरची लक्ष्मी घरच्याच कपड्यात शोभते. मला तर तो मोठेपणाच वाटला. धुतला होता का तो? कुठून धुणार! कोणीच धूत नाही. भरत विरेल, रंग उतरेल, आरसे निखळतील— सकाळी दोरीवर टाकायचा, अत्तर शिंपडायचं, रात्री पुन्हा चढवायचा. आणि चणिया एक वेळ बदलेल, नाडी तीच! आईची नाडी लेकीला, लेकीची सुनेला, या चणियातून काढ, त्या चणियात ओव. घामाने काळी पडलेली, वाळून काथ्यासारखी कडक झालेली. ती तुम्ही माझ्या पोरीच्या कमरेला करकचून बांधलीत. वर म्हणालात, आता ही माझी झाली.

दिवाळीला तिच्या कमरेवर, बरोबर गाठीच्या जागी, रुपयाएवढा गोल उठला. मला वाटलं, उष्णता असेल. तुम्ही फराळाचे घुघरे घेऊन आला होतात, तुम्ही बघितलंत आणि पर्समधून ट्यूब काढलीत. ही लाव गं, आमच्या घरात सगळे हीच लावतो, दोन दिवसांत छूमंतर. सगळे! तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती, की सगळे लावतात म्हणजे सगळ्यांना आहे. नाही पेटली. तुम्ही विहीणबाई, तुमचा शब्द म्हणजे देववाणी. आणि लावल्यावर खरंच खाज थांबली हो! लाली गेली. बिजल म्हणाली, मम्मी, सासू असावी तर अशी. मग ट्यूब बंद केली की दुप्पट उठायचं, म्हणून पुन्हा लावायची. कमरेचं पाठीवर गेलं, पाठीचं काखेत. मेडिकलवाला न विचारता देत होता, वर म्हणत होता, नवी आलीये, याहून जालीम. आणि तुम्ही काय सांगितलंत? लोकांना दिसता कामा नये. बंद पाठीची चोळी घाला तिला. पाठवलीत पण एक, आतून नायलॉनचं अस्तर, गळ्यापर्यंत हुक. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या लग्नसराईत जिथे जाईल तिथे तीच चोळी. घाम आतल्या आत, वारा बंद, खाली ती ट्यूब चोपडलेली. चोळी काढली की आत वाफ यायची, वाफ. मानेवर चढलं तेव्हा झाकायला जागाच उरली नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

आणि मग फागणात न्यातीच्या कार्यालयात, वाडीत, जेवण होतं. — नाही, ऐकायचंय तुम्हाला. पिशवी ठेवा खाली. आज तुम्ही गिऱ्हाईक आहात, गिऱ्हाईकाने माल बघायचा आणि ऐकायचं. बाजारात अजून कुठे मिळत असेल तर जा खुशाल! — बघा, बसलात ना? तर वाडीत पंगत बसली होती. माझी बिजल बसली होती, पुरी होती तिच्या हातात. आणि तुम्ही मधोमध उभ्या राहून, पदर खोचून, सगळ्या न्यातीला ऐकू जाईल अशा आवाजात बोललात, की रमिलाच्या मुलीच्या अंगात खोट आहे. कोड आहे कोड, आमच्यापासून लपवलं. केतुलचं आणि तिचं मोडलं. — अस्सं? रागात बोलून गेलात? रागात माणूस थाळी आपटतं, तरुबेन, दुसऱ्याची पोर नाही आपटत. तुम्हाला ठाऊक होतं ते कोड नाही. त्याच ट्यूबचं झाकण तुमच्या न्हाणीघरात पडलेलं असायचं. आणि ध्रुवी उठली नव्हती? उठून म्हणाली नव्हती, मम्मी, मला पण तसंच आहे, माझ्याच चणियाने तर— आणि तुम्ही तिच्या दंडाला असा चिमटा काढलात की पोरगी मटकन खाली बसली. मी बघितला तो चिमटा. बाकी कोणी नाही बघितला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! बिजलच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापली थाळी उचलली आणि पलीकडे सरकल्या. ती पुरी तिने खाल्ली नाही, टाकली पण नाही. हातात घेऊन घरापर्यंत चालत आली. मी चपला विसरले होते माझ्या तिथे.

मग मी काय करणार? इथल्या डॉक्टरकडे जायची चोरी, कोणी बघेल. भरूचला बहिणीकडे घेऊन गेले, तिथे एक डॉक्टरीणबाई, चामडीच्याच. माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना. म्हटलं, बाई, कोड आहे का हो? त्यांनी एक चट्टा हलकेच खरवडला, काचेवर घेतला, दुर्बिणीत बघितलं आणि म्हणाल्या, बुरशी आहे. लोणच्यावर येते ना, तिच्याच भावकीतली. लोणच्याला लाजता का? म्हटलं, लोणच्याला नाही लाजत, पण लोणच्याचा साखरपुडा नसतो. तर हसल्या. आणि मग ती ट्यूब बघितली आणि त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, हिच्यात स्टिरॉइड आहे, हिने खाज झोपते आणि बुरशी मजेत वाढते. वरून कातडी पातळ होते. बिजलच्या पाठीवर त्या रेघा उठल्या होत्या ना, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा, त्या बुरशीच्या नव्हेत, तुमच्या ट्यूबच्या. बुरशी गेली. रेघा आहेत. फिकट झाल्यात, पण आहेत, आणि राहणार.

कशी गेली म्हणजे? आता विचारताय? बरं, विचारलंत तर सांगते, मी काही तुमच्यासारखी नाही. पोटातून गोळ्या घ्याव्या लागल्या, त्याही डॉक्टरने बघून दिलेल्या, मेडिकलवाल्याने नव्हे. मलम साधं, नुसतं बुरशीचं, आणि ते काय चट्ट्याच्या मधोमध टिकली लावल्यासारखं लावायचं नाही, कडेवर लावायचं आणि कडेच्या बाहेर चांगलं दोन बोटं. बुरशी बाहेर पळते, मध्ये ती नसतेच. आणि खाज थांबली की बंद करायचं नाही! इथेच सगळे माती खातात. कातडी साफ दिसायला लागली तरी पुढे दोनेक आठवडे, डॉक्टर म्हणेल तोवर लावायचं. अंग पुसायचं ते खडखडीत कोरडं, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आंघोळ झाली की ओल्या अंगावर कपडे नाही चढवायचे. आतले कपडे सुती, सैल, रोज कढत पाण्यात धुवायचे आणि उलटे करून उन्हात घालायचे, शिवण वर करून— बुरशी शिवणीतच दडून बसते. आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम दाखवायचं. एकट्या ध्रुवीला औषध देऊन काय उपयोग? तिची जाईल, तुमची तिला पुन्हा लागेल. — तुमची म्हणजे तुमचीच! मगापासून बघतेय, कमरेकडे हात जातो आणि पदर सावरल्यासारखं करता. खाजवा हो, लाजू नका, मी काय परकी आहे? बायकांच्या साडीखालच्या परकराची नाडी तरी कुठे कोणी धुतं! तुमच्या घरातच मुरलीये ती. केतुलला पण असणार. मोटारसायकलवर दिवसभर जाड पँट घालून फिरतो, त्याला विचारा.

आता माझ्या दुकानात बघा, ते तपेलं दिसतंय ना कोपऱ्यात? चहाचं नाही ते. नाड्या उकळते मी त्याच्यात. प्रत्येक पोरीला नवी नाडी, परत आली की उकळायची. अस्तर सगळं सुती, टिचबटणांचं, काढून धुता येतं, वरचं भरत तसंच राहतं. मांडवीतले बाकीचे चणिया-चोळी भाड्याने देणारे मला हसतात, रमिलाबेन नाडीसूप काढते म्हणतात. हसू देत. माझ्याकडून नेलेल्या एकाही पोरीला नवरात्रात चट्टा उठलेला नाही. शपथेवर सांगते, एकीलाही मी— आजपर्यंत तरी.

काही नाही. काही नाही म्हटलं ना. चोळी दाखवते तुम्हाला, थांबा. ही बघा. पोपटी, तुम्हाला हवी तशी. मानेपर्यंत बंद, बाह्या कोपरापर्यंत, पाठीवर पूर्ण आरसेकाम, कुठून बोट आत जायला वाव नाही. हात लावून बघा, काय गुळगुळीत अस्तर आहे! — सुती? नाही, हिला सुती नाही. हिला सॅटिन घातलंय. दिसायला भारी लागतं ना. — माप? माप बसेल. छाती, खांदा, सगळं बसेल, डाव्या खांद्याला अर्धा इंच उतार सोडलाय, ध्रुवीचा खांदा डावीकडे झुकतो— अंदाज! अंदाजच. — अहो, इतकी वर्षं शिवतेय, एकदा बघितलेलं माप लक्षात राहतं. काय बघताय अशा माझ्याकडे?

बरं, ठीक आहे, तिच्याच मापाची आहे. मुद्दाम शिवली. देवळातून आले, शिरा खाल्ला आणि त्याच दुपारी कापड फाडायला घेतलं. मला माहीत होतं तुम्ही काय मागाल. ज्या बाईने दुसऱ्याच्या पोरीला झाकायला सांगितलं, ती स्वतःच्या पोरीला नाही झाकणार? आणि रावपुऱ्यात विचारलंत, मांडवीत विचारलंत, बंद पाठीची कुठेच नाही, असं झालं ना? कसं असेल? होत्या की. चार-पाच जणांकडे होत्या. मी उचलल्या. आधीच भाड्याने घेऊन ठेवल्या, त्या बघा वर, गाठोड्यात. म्हटलं, सगळी दारं बंद झाली की पाय आपोआप इकडे वळतील. — हो, मी! कोण मग? उट्टं काढायचं होतं मला. दोन वर्षं हाच जप केला. बिजल सारखी म्हणते, मम्मी, सोड आता. ती आणंदला नोकरी करते, डेअरीत दूध तपासते, तिथल्या मैत्रिणींबरोबर गरबा खेळते, आणि पाठ उघडी टाकून खेळते! रेघांसकट! कोणी विचारलं तर म्हणते, सासरहून आलेला दागिना आहे. तिने सोडलं. ती तरुण आहे, तिच्या मागे शंभर कामं. मी कशाला सोडू?

आणि यात मी करत तरी काय होते? सांगा ना! विष घालत होते? करणी करत होते? तुम्ही जे मागताय तेच देत होते, वर नीट घडी घालून, पिशवीत घालून. पुढचं सगळं ही चोळी करणार होती. नऊ रात्री ध्रुवी ती घालून घुमणार, घाम सॅटिनवर बसणार, मुरणार, वारा नाही. तुम्ही घरी गेल्यावर ती ट्यूब चोपडणार, कारण खाज सहन होणार नाही. आठमीपर्यंत मानेवर. आणि आठमीला इंदुबेनच्या शेरीत, नाडी बांधायला स्वतः इंदुबेन, सगळ्या बायका भोवती, दिवे लावलेले— आणि हुकाच्या वर, इथे, कानाखाली, लाल कड. तेव्हा इंदुबेन कोणत्या आवाजात बोलतात ते मला ऐकायचं होतं. तुम्ही कशा दिसता ते बघायचं होतं. कोणी आपली थाळी उचलतं का ते बघायचं होतं. मी तर त्या शेरीतल्या कांताबेनला सांगून ठेवलं होतं, आठमीला मी तुझ्या ओट्यावर बसायला येईन म्हणून.

बघा! सगळं ओकून बसले. काय तोंड आहे हे, तोंड की फुटकी घागर! गप्प राहून चोळी दिली असती तर आत्तापर्यंत रिक्षात बसला असतात. आता काय, आता तुम्हाला सगळं कळलं, आता तुम्ही थोड्याच नेताय. जाऊ दे. बिजलचे पप्पा म्हणतातच, तुझ्या पोटात काही राहत नाही. — तर आता सरळ ऐका. ही दुसरी बघा. हिरवीच, थोडी गडद. पाठ उघडी, दोन दोऱ्या, आत सुती अस्तर, कालच उकळलंय. ही घालू दे तिला. वारा लागेल, घाम वाळेल. उद्या सकाळी पहिलं डॉक्टरकडे न्या. गोळ्या सुरू झाल्या की खाज उतरायला लागते. घरी आली की लगेच आंघोळ, कोरडं अंग, मलम. आणि चट्टे दिसतील, ते दिसू देत. इंदुबेनना आज संध्याकाळीच फोन करून सांगायचं, गजकर्ण झालंय, औषध चालू केलंय, तुमच्या घरची नाडी तिला नको आणि तिची तुम्हाला नको, नवी कोरी घ्या. एवढंच. इंदुबेन तोंडाच्या तिखट आहेत, पण त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यामागे होतं मागच्या साली, मीच भरूचचा पत्ता दिला त्यांना. मोडायचं असेल तर मोडतील, नसेल तर नाही. पण पोरीची कातडी वाचेल. मी सांगणार नाही त्यांना. तो शब्द देते. तुम्हाला द्यायचा माझ्या जिवावर येतोय, पण देते.

घ्या. कुठली बांधू? बोला की. — हात कुठे जातोय तुमचा? ती नाही, तरुबेन, ही. ही गडद हिरवी. — चुकून नाही ना घेतलीत ती? ऐकलंत ना मी आत्ता काय बोलले? कानात बोळे घातलेत? त्या सॅटिनखाली पोरगी सोलून निघेल म्हटलं मी, माझ्याच तोंडाने म्हटलं, मीच शिवली म्हटलं, आणि तरी— फक्त नऊ रात्री? नऊच रात्री निघाल्या की मग बघू? लग्न झाल्यावर बघू? — वर पावडर टाकेन? अहो, पावडर? — पोरीचं काय होईल ते नंतर, आधी इंदुबेनला कळता कामा नये. वा. वा, तरुबेन. हेच बघायचं होतं मला. अगदी हेच. तुम्ही तुमच्या हाताने उचलताय, मी दिलीही नाही. माझं काम झालं. मला वाटलं होतं, हे बघताना मी हसेन. वाडीतल्यासारखी मधोमध उभी राहून हसेन. हसू कुठे गेलं माझं?

ठेवा ती खाली. — भाडं नको मला. ठेवा म्हणते ना. ध्रुवी उठून उभी राहिली होती त्या दिवशी. अख्ख्या न्यातीत एकटी ती उभी राहिली माझ्या बिजलसाठी आणि तुम्ही तिला बसवलंत. आता पुन्हा तिचाच दंड? हात काढ! काढ हात, तरु, नाहीतर बोटं कापली जातील, माझ्या हातात कात्री आहे! — हे बघ. हे इथून. ही मान. आणि हे खाली, सगळं, आरशांसकट— अगं, बघतेस काय, महिनाभर भरत होते मी हे, डोळे फुटले माझे— आणि हे सॅटिन, ही अशी— आणि कमर. झालं. ही घे तुझी बंद पाठीची चोळी. आता हिला पाठच नाही.

त्या वरच्या गाठोड्यातल्या पण मिळणार नाहीत, तिकडे बघू नका. ही हिरवी न्या. दोऱ्या मी घट्ट करून दिल्यात. पत्ता हवा तर भरूचचा देईन, ध्रुवीला पाठवा, तिला देईन. तिला म्हणावं, मासीकडे केव्हाही ये. — तुम्ही कशाला रडताय? ते डोळे पुसायला घरी न्हाणीघर आहे तुमच्या. आणि माफ केलं असं कुणाला सांगू नका, मी माफबिफ काही केलेलं नाही. ही कात्री पोरीसाठी चालली. तुमच्यासाठी माझ्याकडे काही नाही. निघा.